उघडं पान दुसरंच होतं

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या शाळेतून मी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि माझी चांगलीच फजिती झाली. ग्रुप ठाणे-कल्याणच्या शिक्षकांचा, खेळ, तक्ते, कल्पना एकमेकांना द्यायला काढलेला. पण तिथली रीत अशी, की जमलेलं तेवढंच टाकायचं आणि बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं लावायची. फसलेलं कुणी दाखवत नाही. मीही त्यातलीच.

व्हिडिओत फक्त पुस्तक, दोन हात आणि आवाज. चौथीतली, खाडीकाठच्या घरातली माझी एक विद्यार्थिनी आंब्याच्या झाडाचा धडा घडाघडा वाचत होती. टाळ्याच टाळ्या आल्या. मग नौपाड्याच्या एका बाईंनी, ज्यांना मी कधी भेटलेही नव्हते, लिहिलं, "बाई, उघडं पान बघा."

बघितलं. पानावर विहिरीचं चित्र होतं. पोरीने अख्खा धडा पाठ केलेला. तिला वाचता येत नव्हतं आणि मला वर्षभर पत्ता नाही! जूनमध्ये ती पाचवीला लांबच्या मोठ्या शाळेत जाणार. तिथे पाठांतर पुरत नाही, मग पोरी शाळा सोडून घरी बसतात. अशा दोघी मी पाहिल्यात.

आधी रागच आला. चारचौघांत सांगायची काही गरज होती का? व्हिडिओ पुसायला बोट नेलंही. मग म्हटलं, पुसून हिला वाचता थोडंच येणार आहे? खाली लिहिलं, "हिला वाचता येत नाही. चूक माझी. तीन महिने आहेत. काय करू?"

संध्याकाळी डोंबिवलीच्या एका सरांनी अक्षरपट्ट्या पाठवल्या आणि हळूच लिहिलं, "माझ्याकडेही अशी दोन आहेत." नौपाड्याच्या बाईंनी फोनच केला. "ती बोलेल तसंच लिहा, तेच तिच्याकडून वाचून घ्या. आणि लाल पेन पर्समध्ये ठेवा."

रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघी बसलो. "आमचे घरान मांजर व्याली," ती म्हणाली. मी तसंच लिहिलं. 'घरात' करायला हात शिवशिवत होता, पण नाही केलं.

एप्रिलमध्ये दुसरा व्हिडिओ टाकला. विहिरीचाच धडा, मी न शिकवलेला. बोट अक्षराखाली, शब्दाशब्दाला ठेच.

कुणीतरी लिहिलं, "पहिल्यात छान वाचत होती की. आता अडखळतेय."

"हो," मी लिहिलं. "आता वाचतेय."