पत्त्यावर न सापडलेल्या बाया

"मेश्राम बाई, हे काय करून ठेवलंत? बायांचा आकडा एका महिन्यात एवढा वर?" साहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावर आपटला.

"तेवढ्या बाया आल्या, साहेब. मी नोंदवल्या."

"कोण बाया?"

"रेजा. ठेकेदारानं काढलेल्या."

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. लेबर कॅम्पजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमचं लहानसं रोजगार ऑफिस होतं. मी नोंदणी क्लार्क. वडील दुर्गला रेल्वेत फिटर होते, मी तिथून रोज बसनं यायची. काम मागायला आलेल्याचं नाव, पत्ता, कसब लिहायचं आणि कार्ड द्यायचं, हे माझं काम. काम मागणाऱ्यांची जी नावं चालू असत त्यांना लाइव्ह रजिस्टर म्हणत. त्याचा आकडा दर महिन्याला वरच्या ऑफिसात जायचा आणि वरचे लोक त्यालाच बेकारी समजायचे. खरं तर तो आकडा फक्त आमच्या खिडकीपर्यंत पोचलेल्या माणसांचा होता.

रेजा म्हणजे डोक्यावरून माती, गिट्टी, काँक्रीट वाहणारी मजूर बाई. भट्ट्यांचे पाये या बायांनी घमेल्या-घमेल्यानं भरले. बांधकाम सरत आलं तसे काही पुरुष कारखान्यात खलाशी म्हणजे हाताखालचे मदतनीस म्हणून लागले. बायांना मात्र ठेकेदारांनी टोळीटोळीनं घरी पाठवलं.

"त्यांचे नवरे कामावर आहेत ना?" साहेब म्हणाले. ते नागपूरचे, बोलायला गोड. "मग त्या गृहिणी झाल्या. बेकार कशा?"

खिडकीशी सगुणा उभी होती. भंडाऱ्याकडची, माझ्याच वयाची. तिनं सगळं ऐकलं होतं.

"साहेब, मागच्या हप्त्यापर्यंत मी कामावर होती. ठेकेदारानं काढलं. मंग आज मी बेकार कावून नाही? एकाच्या रोजीत आमचं घर चालत नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिला बाहेर पाठवा," मला म्हणाले.

त्याच आठवड्यात ठेकेदार साहेबांकडे चहाला आला. दार उघडंच होतं. उद्या कॅम्पातल्या झोपड्या पाडतो, जागा रिकामी करून द्यायची आहे, असं तो सांगत होता. साहेबांनी मान डोलावली. झोपड्या पाडून झाल्या आणि मग साहेबांनी चपराशाला हुकूम दिला, जा, सगळ्या रेजांचे पत्ते तपासून ये.

चपराशी दुपारीच परतला. "बाई, तिथं तं काईच नाही. कोनाले पुसू?"

साहेबांनी त्याच्याकडून प्रत्येक नावापुढे लिहून घेतलं, 'पत्त्यावर आढळली नाही'. जो पत्त्यावर सापडत नाही त्याचं नाव कापायचं, असा नियम होता. बायांचा आकडा खाली आला. बेकारी कमी झाली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी टाउनशिपमधल्या नव्या शाळांसाठी मुलं सांभाळणाऱ्या आयांची मागणी आली. रजिस्टरवर नाव असेल तरच आम्ही कोणाला पाठवू शकत होतो. साहेब उत्तर सांगू लागले, "लिहा. लायक स्त्री उमेदवार नोंदणीवर उपलब्ध नाहीत."

मी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिणार नाही, साहेब."

"का?"

"खोटं आहे."

"रजिस्टर काढून बघा. एक शब्द खोटा नाही."

ते बरोबर बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

ऑफिस सुटल्यावर मी बायांना शोधत निघाले. रेल्वेलाइनच्या बाजूला पोती आणि ताडपत्री टांगून त्या राहत होत्या. सगुणा चूल पेटवत होती. तिला मी सगळं सांगितलं. फुंकणी खाली टाकून ती म्हणाली, "पाडेल झोपडीत बसून राहाचं होतं काय आमी? साहेब येईन म्हनून?"

सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा शेडच्या दारात सगळ्या बाया उभ्या. सगुणा सरळ साहेबांच्या टेबलापुढे गेली.

"आमी सापडत नव्हतो म्हने. घ्या, सापडलो."

साहेब हसले. "ठीक आहे. राहायचा पत्ता सांगा. पत्त्याशिवाय नोंद होत नाही."

सगुणानं माझ्याकडे पाहिलं.

"माझा लिहा," मी म्हणाले. "रेल्वे क्वार्टर, दुर्ग."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"मेश्राम बाई, तुम्हाला नोकरी नको आहे का?"

"हवी आहे, साहेब. यांनाही हवी आहे."

बाया दारातून हलेनात. बाहेर रांगेतले पुरुष गलका करू लागले. शेवटी साहेब उठून मागच्या खोलीत गेले आणि मी नावं पुन्हा चढवून आयांच्या जागांसाठी शाळांना पाठवली. संध्याकाळी घरी वडिलांना सांगितलं, "बाबा, आपल्या क्वार्टरमंधी आता लय बाया राहून राहिल्या."

"मंग गहू जास्त आनाव लागन," ते म्हणाले आणि जेवत राहिले.

शाळांनी त्यांतल्या काहींना बोलावलं. चार-पाच जणी आया म्हणून लागल्या. सगुणा लागली नाही. तिच्या कार्डावर शाळेचा शेरा आला, 'वय जास्त'. माझ्या वयाची होती ती. माझं वय क्लार्कच्या खुर्चीला चालत होतं आणि तिचं पोरांची नाकं पुसायला चालत नव्हतं. साहेबांपुढे केलेली बोलाचाली कोणी शाळेत पोचवली, हे मला कधी कळलं नाही. अंदाज आहे.

मला आधी मेमो मिळाला, मग दुर्गच्या ऑफिसात बदली. पुढे सगुणाच्या नवऱ्याचंही काम संपलं. दोघं गाठोडी बांधून दूरच्या कुठल्या तरी धरणाच्या कामाला निघून गेले. जाण्याआधी ती क्वार्टरवर आली होती. आईनं तिला जेवायला वाढलं. ती म्हणाली, "माहं नाव राहू द्या बाई. तिथंबी कोन लिहून घेईन, काय ठाव."

नाव राहिलं नाही. ठरलेल्या मुदतीत कार्ड नवीन करून घ्यायला ती आली नाही म्हणून नियमानं कापलं गेलं, आणि त्या महिन्याचा बेकारीचा आकडा आणखी एकानं उतरला.

निवृत्त होईपर्यंत मी असे आकडे लिहीत राहिले. आता पेपरात बेकारी घटल्याची बातमी दिसली की नातू मला मुद्दाम वाचून दाखवतो, कारण मी चिडते. मी त्याला एवढंच विचारते, "माणसं कामाले लागली का नुसती नावं कापली, ते लिहिलं आहे का खाली?"

ते कधीच लिहिलेलं नसतं.