बारावा गुलाब आणि समारूची बकरी

“किससे पूछकर काटा?” साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बंगल्यातले बाराही गुलाब माझ्या गुडघ्याएवढे उरले होते, आणि मी त्याहून कमी.

मी तेव्हा रायपुरात सरकारी बंगल्यांच्या बागांचा सुपरवायझर होतो. माझ्या सिकेटरला, म्हणजे माळ्याच्या कैचीला, अशी धार होती की नुसती सावली पडली तरी पानं गळत. आमच्याकडे गुलाब ऑक्टोबरात छाटतात. जुनं लाकूड गेलं की नवा फुटवा येतो आणि जानेवारीच्या फ्लॉवर शोला फुलं तयार. साहेब दौऱ्यावर होते. मी आणि समारू माळी, दोघांनी एका सकाळीत बाराही झाडं उडवली.

“सर, ये प्रूनिंग है. देखना, कप अपना ही है.”

“और वो कोने वाला?”

मी कोपऱ्यात पाहिलं. अकरा झाडं शोची होती. बारावं देशी, गुलकंदाचं, म्हातारं. अशा झाडाचे फक्त शेंडे खुडायचे असतात. मी हाताच्या ओघात त्यालाही बुंध्यापर्यंत नेलं होतं.

“माँ का था,” साहेब म्हणाले. “हर ट्रान्सफर में साथ लेकर चलती थीं. अब माँ नहीं हैं.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मेमो आला. प्रूनिंग म्हणजे काय आणि ते का केलं, लेखी खुलासा द्या.

संध्याकाळी मी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात गुरुजींकडे गेलो. गुरुजी इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. त्यांचा शब्दकोश एवढा जाड, की तो धाडकन उघडला की मोहल्ल्यातली कबुतरं उडत.

“काहून रे, तोंड काहून उतरलं?”

“मले इंग्रजीत खुलासा पाहिजे, गुरुजी. असा भारी, की साहेब वाचता वाचता दमले पाहिजेत.”

गुरुजींनी चष्मा चढवला. “प्रून. क्रियापद. झाड जोमानं वाढावं म्हणून नको त्या फांद्या कापणं. तू मेंदीचं कुंपण सारखं करतं, ते ट्रिम. ते वरवरचं. प्रून म्हणजे काय ठेवायचं ते आधी ठरवून कापणं.”

“ते ठरवायचंच राहिलं न.”

“हल्ली लेखही प्रून करतात, खर्चही करतात. तुले बोलणं करता आलं तर पाहा.”

“आन् मूळ?”

“जुन्या फ्रेंचातून आला. त्याच्या मागं विद्वानांचं भांडण चालू आहे. एक म्हणतो, पुढून गोल कापणं. दुसरा म्हणतो, नवीन वेल करायसाठी द्राक्षाची फांदी मातीत दाबतात, तिच्याशी याचं नातं असावं.”

मी उठलोच.

“आता काय झालं?”

“फांद्या, गुरुजी. कापलेल्या फांद्या समारूच्या बकरीले गेल्या.”

जन्मभर मी काडीपासून झाडं केली. पण मेमो आला की माणूस झाड विसरतो आणि कागद शोधतो. मी सायकल अशी हाणली की पंडरीच्या कापडदुकानांतले तागे मागे उलगडत गेले असतील. समारू अंगणात बसला होता.

“समारू भैया, गुलाब की काड़ी?”

“हव, छेरी खावत हे,” तो शांतपणे म्हणाला. छेरी म्हणजे बकरी.

ही बकरी साधी नव्हती. मागच्या वर्षी तिनं माझं बियाण्यांचं कॅटलॉग पुठ्ठ्यासकट खाल्लं होतं. आता अकरा झाडांचा पाला तिच्या पोटात होता. पण देशी गुलाबाला सुईसारखे बारीक काटे, तेही दाट. त्या काड्या तिनं नाक मुरडून बाजूला सारल्या होत्या. मोजून सात. मी ओल्या बारदानात गुंडाळल्या आणि सावलीत वाळूच्या डब्यांत खोचल्या.

खुलासा गुरुजींशिवायच लिहिला: अकरा झाडं बरोबर कापली. बारावं चुकलं. काड्या लावल्या आहेत. साहेबांनी कागद वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला.

कोपऱ्यातलं झाड नोव्हेंबरात वाळलं. सातांतल्या चार काड्याही गेल्या. जानेवारीत अकरा गुलाबांनी कप आणला, तो साहेबांनी पाहिलासुद्धा नाही. होळीच्या आधी एका डब्यात फूल आलं. रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं. मी डबा तसाच उचलून त्यांच्या व्हरांड्यात नेला.

साहेबांनी वास घेतला. बराच वेळ घेतला. “माँ का ही है,” म्हणाले. मग, “डिब्बा मत बदलना.”

पुढे त्यांची बदली झाली. सामान ट्रकनं गेलं, डबा जीपमध्ये मांडीवर.

दुसरं रोप गुरुजींना दिलं. गुरुजी गेले, समारूही गेला. तिसरं माझ्याकडे चौबे कॉलोनीत गच्चीवर आहे. परवा सून सिकेटर घेऊन आली. “बाबा, ये बहुत फैल गया है. काट दूँ?”

मी तिच्या हातातून सिकेटर घेतलं आणि चार शेंडे खुडले. ते तिच्याच हातात ठेवले.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत शिकलो ते इतकंच: कापण्याआधी झाडाची चौकशी करावी. आणि चूक झालीच, तर खुलासा लिहिण्याआधी बकरी गाठावी.