आत्याचे धवले

दिवस: माझ्या थोरल्या मुलीच्या हळदीचा. ठिकाण: खांदा कॉलनीतील एक सभागृह. जबाबदार: शहरातील व्याही, ज्यांनी कसलीही हरकत घेतली नव्हती, गप्प बसलेले आमचे सर्व वडीलधारे, आणि सर्वांत प्रथम मी.

काल नातीच्या हळदीत ओल्या हळदीचा वास नाकात शिरला आणि तो दिवस समोर उभा राहिला. माझी आत्या आमच्या गावची धवलारीण होती. तिने आमच्या आगरी बोलीत धवले गायल्याखेरीज नवरीला हळद लागत नसे. पिवळ्या हातांनी, डोळे मिटून ती गात होती. तिचे शब्द व्याह्यांच्या कानी पडताना मला लाज वाटू लागली. वाकून मी म्हणालो, "आत्या, आता आटप. पाहुण्यांना ही भाषा कळत नाही."

तिने डोळे उघडले. "पावन्यांना नाय कलला त नाय कलला. हलद पोरीला हाय, पावन्यांना नाय."

बायका हसल्या. मी फक्त "पुरे" म्हणालो. तिने पदराला हात पुसले आणि ती उठली. त्यानंतर ती कोणत्याही मांडवात गायली नाही, आणि तिचे धवले कोणी शिकूनही घेतले नाहीत.

काल नातीला हिंदी गाण्यांच्या तालावर हळद लागली. ज्याला मी तेव्हा शिष्टाचार समजलो, तो आज मला उघड अन्याय दिसतो.

माझी मागणी आहे की, त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाने गावच्या पुढच्या लग्नात भर मांडवात उत्तर द्यावे: आपल्याच माणसाला गप्प करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पहिला जबाब माझा घ्यावा.