नियम नऊ आणि मंगळवारची जीप

संस्था चालवायची म्हणजे दोन फाइली तयार होतात. एक ऑडिटची, ती कपाटात राहते. दुसरी किश्श्यांची, ती डोक्यात राहते आणि नको तिथे उघडते. परवा एका मयतीला गेले होते, तिथे मला शेळीवरचा घसारा आठवला आणि तोंडात पदर कोंबून बाहेर यावं लागलं. लोकांना वाटलं, ताईंना लई दुःख झालं!

केजला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात कॉम्प्युटर आहे, एवढ्या पात्रतेवर मी आमच्या संस्थेची सचिव झाले. संस्थेचं काम एकच. दर मंगळवारी सकाळी सहाला आमची जीप केजच्या एसटी स्टँडवरून निघते आणि कॅन्सरच्या पेशंटना केमोसाठी कळंबमार्गे बार्शीला नेऊन रात्री परत आणते. फुकट. जीप चुकली तर पेशंटचा डोस चुकतो. माझ्या आईच्या वेळी ही जीप नव्हती. तिचे दोन डोस चुकले. ते मी विसरलेले नाही, म्हणून या माणसांना सहन करते.

माणसं म्हणजे मुख्यतः तीन. अध्यक्ष गुरुजी, हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. संस्थेची घटना त्यांनी स्वतः लिहिली आणि तोंडपाठ केली. खजिनदार दिनकरशेठ, बी-बियाणांचे दुकानदार. आणि जीपचे ड्रायव्हर सलीमभाई. बाकीचे विश्वस्त सही करायला आहेत, तीही बोलावलं तर.

*

जीपवर गुरुजींनी लाल ऑइलपेंटने भलंमोठं ‘कर्करोग’ लिहून घेतलं होतं. आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नाही, ‘त्यो रोग’ म्हणतात. स्टँडपर्यंत येता न येणाऱ्या पेशंटना सलीमभाई सहाच्या आधी घरून आणतात. जीप दारात थांबली की शेजारचे आपापली दारं लावायचे.

दिंद्रुडच्या एका घरात आजी पेशंट होती, आणि नेमक्या त्याच मंगळवारी नातीला बघायला पाहुणे यायचे होते. आजीचा मुलगा पहाटे मोटारसायकलवर गावाबाहेर येऊन थांबला. “सलीमभाई, पाया पडतो, ती अक्षरं तेवढी झाका. पाहुणे रातीच मुक्कामाला आलेत.”

सलीमभाईंच्या गाडीत दिनकरशेठच्या दुकानाचं कापूस बियाण्याचं बॅनर होतं. ते त्यांनी अक्षरांवर बांधलं आणि जीप दारात लावली.

आजीला उठवून, साडी नेसवून आणेपर्यंत वेळ गेला. तेवढ्यात नवऱ्या मुलाकडचे चार-पाच जण बॅनर बघून जमले. कापसाचा भाव विचारला. सलीमभाईंनी सांगितला. दोघांनी बियाण्याच्या पिशव्या बुक केल्या! पेशंटच्या रजिस्टरमागे सलीमभाईंनी ती नावं लिहून घेतली.

सगळे चहाला आत गेल्यावर नवऱ्या मुलाचे चुलते तेवढे मागे राहिले. त्यांनी बॅनरचं एक टोक उचललं, खालचं वाचलं, टोक परत नीट लावलं.

“किती वाजता निघती ही गाडी मंगळवारी? आमच्या घरात बी हाय एक. अजून कुनाला सांगितलं न्हाई.”

लग्न झालं. आता दोन्ही घरच्या आज्या एकाच सीटवर बसतात. मानपानावरून भांडतात!

*

एका पुढाऱ्यांनी आम्हाला जाहीर कार्यक्रमात देणगी दिली. चेक केवढा, तर दाराएवढा! थर्माकोलच्या जाड पाटीवर छापलेला, आकडा लांबून दिसेल असा. गुरुजींनी तो स्टेजवर दोन्ही हातांनी धरला, फोटो निघाले, आणि खरा चेक ‘मागून पाठवतो’ असं ठरलं.

महिना झाला. चेक आला नाही. दोन महिने झाले. गुरुजी कुणाकडे मागायला जाणाऱ्यातले नाहीत. ते थर्माकोलचा चेक घेऊन थेट बँकेत गेले.

बँकेतला कॅशियर तरुण होता, अदबशीर होता. म्हणाला, “गुरुजी, यावर सही नाही.”

गुरुजींनी चेक उलटा केला, सुलटा केला. “बरोबर आहे,” म्हणाले, “फोटोच्या गडबडीत राहिली असेल.” आणि चेक डोक्यावर धरून परत आले. उन्हाचे दिवस होते, वाटेत दोघे जण सावलीला बरोबर चालले.

शेवटी सलीमभाईंनी तो मागच्या सीटवर आडवा टाकून वर गोधडी अंथरली. येताना पेशंटला बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. देणगीचा पेशंटला थेट लाभ झाला, असं मी अहवालात लिहिलं. ते खोटं नव्हतं.

*

बँकेचे व्यवहार दोन सह्यांनी होतात. गुरुजींची एक आणि एका विश्वस्ताची दुसरी. हे विश्वस्त पोराकडे पुण्याला राहायला गेले आणि तिथेच रमले. दुसरी सही बंद, म्हणजे पैसे बंद. पंपवाल्याने उधारीवर डिझेल दिलं, पण दोन मंगळवारांच्या वर देणार नाही असं हात जोडून सांगितलं. नव्या सहीसाठी ठराव हवा, ठरावाला पाच विश्वस्त हवेत, आणि दिवस लग्नसराईचे. एकाला फोन केला की तो वरातीत, दुसऱ्याला केला की तो हळदीत.

गुरुजींनी माझ्या दुकानात सगळ्यांच्या पत्रिका मागवल्या. टेबलावर मांडल्या. एक पत्रिका पाच घरांत सारखी निघाली, पाटोद्याच्या लग्नाची. गुरुजींनी त्याच दिवशी नोटीस काढली, घटनेप्रमाणे पुरे सात दिवस आधी. ‘सभेचे स्थळ: मंगल कार्यालय, पाटोदा. वेळ: दुसरी पंगत.’

पाच जण ओळीने बसले. मी समोरच्या ओळीत इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन. अक्षता पडून गेल्या होत्या, वरण-भात वाढून झाला होता. गुरुजी म्हणाले, “कोरम पूर्ण आहे. जेवायला हरकत नाही.”

वाढपी जिलबी घेऊन आला. गुरुजींनी पत्रावळीवर हात आडवा धरला. “विषय क्रमांक दोन होऊ दे.”

वाढपी थांबला. मागचा थांबला. मठ्ठेवाला थांबला. नवरदेवाचे वडील धावत आले, त्यांना वाटलं पाहुणे रुसले! “काय चुकलं का आमचं?”

“तुमचं काही नाही,” दिनकरशेठ म्हणाले, “आमची दुसरी सही ऱ्हायलीय.”

ठराव पास झाला. नवरदेवाच्या वडिलांनीच घाबरून दोन्ही हात वर केले होते, ते मी मोजले नाहीत.

बँकेच्या मॅनेजरने ठरावाचा कागद उजेडात धरला. “हा पिवळा डाग कसला?”

“वरण,” दिनकरशेठ म्हणाले. “पाटोद्याचं.”

मंगळवारी जीप वेळेवर निघाली.

*

कौसामावशी आमच्या जुन्या पेशंट. मेंढरामागे फिरणारं घर. नवरा, पोरगा, सून, सगळे मेंढरांच्या वाड्याबरोबर तळ हलवत रानोमाळ, आणि मावशी उपचारासाठी केजला बहिणीच्या खोलीत एकटी. तिसऱ्या मंगळवारी शेळीचं दावं धरून स्टँडवर आली.

“ही घ्या संस्थेला. मी फुकट बसायची न्हाई.”

सलीमभाई नको म्हणाले, मी नको म्हणाले. ती जीपमध्ये चढेना. शेवटी शेळी माझ्या दुकानात बांधली आणि गाडी निघाली.

देणगी आली की नोंद आली. गुरुजींनी हयात शाळेत काढलेली. शाळेत खुर्ची आली, घंटा आली की डेडस्टॉक रजिस्टरला चढते आणि तिच्यावर नंबर पडतो. गुरुजींनी शेळी रजिस्टरला चढवली. बाकड्यानंतर आणि तिजोरीच्या आधी. आणि पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्या शिंगावर नंबर घातला!

मार्चनंतर बीडहून सीए आले. हातात रजिस्टर घेऊन एकेक वस्तू तपासायला लागले. बाकडे एक, आहे. तिजोरी एक, आहे. शेळी एक.

शेळ्या तीन निघाल्या.

“ही दोन जास्तीची कुठून आली?” सीएंनी विचारलं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “निसर्गतः.”

सीएंनी चष्मा पुसला. बरं, म्हणाले, मूळ शेळीवर यंदाचा घसारा तरी लावा. दिनकरशेठच्याने राहवेना. “घसारा कावून? साहेब, वजन वाढलंय तिचं!”

वर्षभर गुरुजींनी त्या शेळीला अंगणात बांधून स्वतः चारा घातला. विकायची तर ठराव हवा, तीन कोटेशन हवीत. एकदा कौसामावशी सहज बघायला आली. तिने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, शिंग बघितलं, मग गुरुजींकडे बघितलं.

“गुरुजी, हिला कागदं चारता का वो?”

*

मागच्या वर्षी गुरुजींच्या पोटात गाठ निघाली.

मला दुकानात येऊन सांगितलं, तेही रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून झाल्यावर, पैसे देताना. मी पैसे घेतले नाहीत तर म्हणाले, “हिशोब वेगळा, आजार वेगळा.” ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि रडले.

केमो बार्शीलाच, आणि वारही मंगळवारच पडला. पहिल्या मंगळवारी आम्ही सगळे स्टँडवर. जीप उभी, पेशंट बसलेले. आणि गुरुजी एसटीच्या फलाटावर, हातात पिशवी घेऊन!

“नियम नऊ,” ते म्हणाले. “विश्वस्ताला संस्थेच्या सेवेचा लाभ घेता येणार नाही.”

दिनकरशेठ म्हणाले, तिकीट काढा. गुरुजी म्हणाले, या गाडीला भाडं घेण्याचा परवाना नाही. मी म्हणाले, मग राजीनामा द्या. ते म्हणाले, राजीनामा मंजूर करायला सभा लागते, सभेला सात दिवसांची नोटीस लागते, आणि डोस आज आहे. सलीमभाईंनी त्यांची पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली. गुरुजींनी ती परत काढून आणली. मला इतका राग आला होता की ती घटना तिथेच टराटरा फाडावीशी वाटली. पण माझ्याच दुकानात तिच्या पन्नास झेरॉक्स पडल्या होत्या.

एसटी लागली. कंडक्टर दारात उभा.

कौसामावशी जीपमधून उतरली. तिला पुन्हा गाठ आली होती, दुसऱ्यांदा उपचार चालू होते. म्हणाली, “गुरुजी, पेशंटसंगं एक सोबती फुकट, असं तुमीच लिवलंय न्हवं?”

“नियम दहा. आहे.”

“माझ्यासंगं कुनी न्हाई. घरची मानसं मेंढरामागं गेलीत. तुमी चला.”

गुरुजींनी पिशवीतून घटना काढली. नियम दहा वाचला. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मग घंटी दिली. गुरुजींनी नियम परत वाचला.

“सोबती हा लाभार्थी समजला जाणार नाही,” ते सावकाश म्हणाले. “आणि सोबत्याला स्वतःला आजार नसावा, असं यात कुठे लिहिलेलं नाही.” स्वतःच्या मसुद्यात ढिलाई राहिली याचा त्यांना त्रास झालेला दिसला.

सलीमभाईंनी रजिस्टर उघडलं. पेशंट, कौसाबाई. सोबती, गुरुजी. “मावशी, नातं काय लिहू?”

मावशीने थोडा विचार केला. “अध्यक्ष.”

तेव्हापासून दर मंगळवारी तीच नोंद. नियमाप्रमाणे सोबत्याने पेशंटची पिशवी धरायची. गुरुजी तिची पिशवी धरून चढायचे आणि उतरायचे. येताना स्वतःला उलटी होत असायची तेव्हाही पिशवी मांडीवरच. डोकं धरायला मावशी असायची.

मग मावशीचे डोस संपले. गुरुजींचे चार बाकी होते. पेशंटच नाही तर सोबती कसला? दिनकरशेठने नियम नऊ शिथिल करायच्या ठरावाचा मसुदा केला. तो गुरुजींनीच अध्यक्ष म्हणून फेटाळला.

मंगळवारी पहाटे गुरुजी पुन्हा फलाटावर, एसटीची वाट बघत. जीपजवळ कौसामावशी उभी. हातात पिशवी.

“मावशी,” सलीमभाई म्हणाले, “तुमचं तर झालं की!”

“डाक्टर म्हनले, सहा म्हयन्यांनी तपासायला या.” मावशीने पिशवी गुरुजींच्या दिशेने पुढे धरली. “मी जरा लवकर निघाले.”

गुरुजी फलाटावरून खाली आले. सलीमभाईंच्या हातातून रजिस्टर घेतलं, वरपासून खालपर्यंत तपासलं, पेन मागितलं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, हेडमास्तरांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, स्वतः लिहिलं: ‘तपासणी, मुदतीपूर्वी. मंजूर.’