युरियाच्या तीन रेषा

दीड मीटर लांबीची काचेची नळी गोधडीत गुंडाळून मी स्वारगेटला मुळशीकडे जाणाऱ्या एसटीत चढले, तेव्हा कंडक्टरने आधी नळीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "उभी धरा बाई, कुणाच्या तरी गुडघ्याला लागंल," एवढंच म्हणाला. नळी तडकलेलीच होती, तिला आणखी काय होणार? तरी चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंतच्या कोंडीत मी तिला घट्ट धरून बसले.

आमचं काम थोडक्यात सांगते. वायुरूप रेणू ठरावीक लांबीच्या लहरीच शोषतो आणि आलेखावर त्या जागी रेषा उमटते. आम्ही प्रयोगशाळेत या रेषा मोजतो आणि मग ताऱ्यांमधल्या ढगांचा दुर्बिणीने टिपलेला आलेख घेऊन त्यात त्या शोधतो. सजीव घडण्याआधी लागणारा कच्चा माल आकाशात कितपत आहे, ते त्यावरून कळतं. सध्या आमची गाठ युरियाशी होती. रेषांची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीवाल्यांकडे जायची होती. त्यातल्या तीन रेषा आजवर कुणी न मोजलेल्या, आणि मला त्यांचा कोण अभिमान! माझी विद्यार्थिनी ऋजुता, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ती दोन महिने म्हणत होती की या तीन युरियाच्या नाहीत. त्या चुकीच्या निघाल्या तर दुर्बिणीचा सगळा वेळ भलतंच शोधण्यात जाणार होता. "तीस वर्षं रेषाच बघतेय मी," असं म्हणून मी तिला गप्प केलं. नळी तडकल्याचं खापरही तिच्याच माथी फोडलं.

भूगावला एक शेतकरी बाई शेजारी येऊन बसल्या. गोधडीतून डोकावणारी काच बघून त्यांनी विचारलं, "काय हाय ह्ये?"

"नळी आहे. हिच्यात युरियाची वाफ करून तपासतो. आकाशात युरिया आहे का, ते शोधायचंय."

"भाताला घालतो त्यो युरिया?"

"तोच."

बाईंनी थोडा विचार केला. "आमाला टायमाला दुकानात घावंना (मिळेना), अन् तुमी आकाशात हुडकताय."

पौडला उतरताना त्यांनी नळीवरची गोधडी नीट करून दिली.

मुळशी धरणाजवळच्या माले गावात उतरून नामदेवरावांचं घर गाठलं. भाताची कापणी होऊन खाचरं (बांध घातलेली भातशेतं) मोकळी झाली होती. नामदेवराव उरवड्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर काचेची उपकरणं बनवत होते. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम करतात. त्यांनी नळी उजेडात धरून फिरवली आणि आतल्या तपकिरी डागांवरून बोट नेलं. डाग ठरावीक अंतरावर होते.

"मॅडम, नळीला गुंडाळलेली तापवायची पट्टी हितं दुहेरी झाली व्हती. जितं पदरावर पदर आला तितं काच लई तापली. तडाबी तितनंच गेलाय. तापमान कुटं मोजत व्हता?"

"मधोमध."

"शितावरनं भाताची परीक्षा व्हती, पर आच सारखी लागली तर."

युरिया जास्त तापला की त्याचे रेणू फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांच्या रेषाही आलेखात घुसतात. ओळखीच्या रेषा आम्ही वगळल्या होत्या. अनोळखी तीन उरल्या, त्या मी युरियाच्या नावावर चढवल्या. आणि पट्टी ऋजुताने गुंडाळली नव्हती. ती मी गुंडाळली होती, तिला बाजूला सारून, 'बघ, अशी गुंडाळायची' असं शिकवत. मला स्वतःची लाज वाटली.

नामदेवरावांच्या पत्नी इंदूबाईंनी जेवायला वाढलं: इंद्रायणीचा भात आणि धरणातल्या माशाचं कालवण. कालवण असं होतं की लाज बाजूला ठेवून मी मागून घेतलं. जेवता जेवता नामदेवरावांनी खडूने जमिनीवर नवी नळी काढली. एकात एक दोन नळ्या, मधून गरम तेल फिरणार; म्हणजे आच सगळीकडे सारखी. "आठ दिसांनी न्या," ते म्हणाले. चित्र बघूनच मला कळलं की ही नळी चालणार.

परतीची एसटी यायला वेळ होता. थांब्यावरून ऋजुताला फोन लावला.

"त्या तीन रेषा यादीतून काढ. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. आणि नळी माझ्यामुळे तडकली, पट्टी मी चुकीची गुंडाळली होती."

ती म्हणाली, "मॅडम, मी दोन याद्या तयार ठेवल्यात. एक त्या रेषांसकट, एक त्यांच्याविना. तुम्ही आलात की आज शेवटचं भांडणार होते."

"मी कितीही ओरडले असते तरी?"

"हो."

आकाशात युरिया किती आहे ते दुर्बीण सांगेल, आणि नव्या नळीतून निघालेल्या रेषांवर मी पैज लावायला तयार आहे. पण त्या संध्याकाळी पुण्याकडे येताना मला आनंद वेगळ्याच गोष्टीचा होता. मी इतकं दामटूनही ती पोर भांडायची थांबली नव्हती.