फोकसपुरत्या काकू

फोटोवाल्या काकांच्या भल्याथोरल्या लाकडी कॅमेऱ्याचा फोकस गिऱ्हाईक बसण्याआधीच जुळवावा लागे. तेवढ्यापुरत्या काकू खुर्चीत बसत आणि "आटपा हो, दूध उतू जाईल!" म्हणत उठत. काळ्या कापडाखालच्या काचेवर उलट्या दिसणाऱ्या काकू काकांनी जन्मभर पाहिल्या. फोटो मात्र एकही काढला नाही. एवढी महागाची फिल्म घरच्या माणसावर कोण उडवणार?

पुढे लेकीने मोबाइल रोखला, की काकू तोंड फिरवत. म्हणत, "माझा फोटो हेच काढतील."

काकू गेल्या. आता आईच्याच तोंडवळ्याची ती लेक घरी आली, की काका तिला त्या खुर्चीत बसवून कापडाखाली शिरतात.

"बाबा, झालं का?"

"थांब गं, फोकस जुळत नाहीये."

कॅमेऱ्यात फिल्म नसते, हे तिला ठाऊक आहे. तरी ती हलत नाही.