खोक्यांवरचा पत्ता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. काम काय करतेस, असं विचारलं की मात्र समजावून सांगावं लागतं. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर तुटलेल्या लिंका शोधायच्या आणि जोडून द्यायच्या. बटण दाबल्यावर 'पान सापडत नाही' असं आलं की माणूस दुसऱ्या कंपनीकडे जातो. तो जाऊ नये, एवढंच माझं काम.

सगळे ज्यांना भाऊ म्हणतात ते घुग्घुसचे ट्रकमालक माझं पहिलं गिऱ्हाईक. त्यांचे पाच ट्रक. शाळांना सुट्ट्या लागल्या की खाणीच्या कॉलनीत बदल्यांचे ऑर्डर येतात आणि तेव्हाच त्यांचं वर्षाचं खरं काम होतं. म्हणून एप्रिलमध्येच मी त्यांची साइट स्वच्छ केली. चौकशीचा नवा फॉर्म बनवला, जुन्या फॉर्मचं पान काढून टाकलं. त्या पानाकडे जाणारी एकही लिंक साइटवर उरली नव्हती. मी खूश होते.

मे महिना लागला आणि भाऊंचा फोन आला.

"मॅडम, तुमी साइट दुरुस्त केली का बंद केली?"

मी तपासणीचं सॉफ्टवेअर चालवलं. तुटलेल्या लिंका शून्य. तसं ठणकावून सांगितलं.

"मंग लोकं चौकशी काऊन नाई करून राह्यले? कॉलनीत चार घरं खाली होऊन राह्यली, अन् माह्या ट्रक उभ्या आहेत!"

सीझन असाच गेला तर भाऊ मला ठेवणार नाहीत, हे सांगायची गरज नव्हती. बाकीची दोन गिऱ्हाइकंही त्यांच्याच शब्दावर आली होती. लॅपटॉप पिशवीत घातला आणि चंद्रपूरहून घुग्घुसची बस धरली. मनात एकच, की चूक माझी नाही हे त्यांच्या समोर दाखवून द्यायचं.

भाऊंच्या आवारात एक म्हातारे ड्रायव्हर खोक्यांची चळत लावत होते. मी भाऊंना स्क्रीनवरचं शून्य दाखवत होते, तेवढ्यात ते मधेच म्हणाले, "बाई, तुमचं ते शून्य राहू द्या. ह्या चौकोनावर मोबाईल धरून पाहा बरं."

खोक्यावर क्यूआर कोडचं स्टिकर होतं. मी मोबाईल धरला. 'पान सापडत नाही.'

कॉलनीची एक रीत मला माहीतच नव्हती. बदलीच्या गावी सामान लागलं की रिकामी खोकी कुणी टाकत नाही. परतीच्या ट्रकमधून ती कॉलनीतल्या पुढच्या बदलीवाल्या घरी येतात. खोक्यावर स्टिकर, स्टिकरवर जुन्या फॉर्मचा पत्ता. भाऊंची अर्धी चौकशी त्या खोक्यांवरून यायची. आणि तो पत्ताच मी पुसून टाकला होता. माझं सॉफ्टवेअर साइटवरच्या लिंका तपासत होतं. कुणाच्या पलंगाखालचं खोकं त्याला कुठून दिसणार?

"भाऊ, चूक माझीच आहे," मी म्हटलं.

भाऊ डोक्याला हात लावून बसले. "आता घरोघरी जाऊन स्टिकर काढू का मी? अर्धी खोकी बल्लारशाला आहेत, अर्धी कुठी आहेत देव जाणे!"

"एकही काढायचं नाही."

मी तिथंच एका खोक्यावर बसले. जुन्या पत्त्यावर कुणी आलं की त्याला सरळ नव्या फॉर्मवर नेऊन सोडायचं, असं साइटला सांगता येतं. दोन ओळींचं काम. पण नेटवर्क इतकं रडत होतं की लॅपटॉपला नेट देणारा माझा मोबाईल घेऊन ड्रायव्हरकाका ट्रकच्या टपावर चढले आणि तिथून ओरडले, "आली का रेंज? आता आली का?"

आली. मी भाऊंना त्यांचाच मोबाईल स्टिकरवर धरायला लावला. फॉर्म उघडला. भाऊंनी दुसऱ्या खोक्यावर धरला, तिसऱ्यावर धरला. विश्वासच बसत नव्हता त्यांचा.

"पाह्यलं असतं विचारून आधी," ते म्हणाले. "एवढ्या शिकलेल्या तुमी, पण ट्रकजवळ कधी आल्या नाई."

हे मला लागलं, पण खरंच होतं.

भाऊंनी चहा मागवला आणि तो संपायच्या आत पहिली चौकशी आली. कॉलनीतलीच बाई होती. भाऊंनी लगेच तिला फोन लावला. तिला एकच विचारायचं होतं, कुंड्या नेता का?

"नेतो ना ताई, मातीसकट नेतो!" भाऊ फोनवर इतक्या जोरात म्हणाले की अजून टपावरच बसलेले काका हसले. मला तेव्हा कुठं मागच्या खोक्यांच्या चळतीला पाठ टेकवता आली.